मुदतवाढ

“सोडा वैनी, सोडा! आत्ता!”

रेश्मानं होता नव्हता तेवढा जोर लावून हातातला पदर वर भिरकावला आणि उडी मारून ती बुरुजाच्या आड झाली. किल्ल्याच्या दगडी पायऱ्यांवर तो लांबलचक तांबडा पदर वाऱ्यानं फुगला, क्षणभर तरंगला आणि नवरीच्या डोक्यावर येऊन पडला. गुडघ्यावर बसलेल्या फोटोग्राफर शिवतेजनं पाच-सात फोटो मारले, कॅमेऱ्यात डोकावून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

“पदर एक नंबर उडाला. पण नवरीबाई, तुमचं काय चाललंय? लग्नाचं फोटो हायती हे, आधार कार्डाचं न्हाईत.”

“हसते ना,” शिवांजली म्हणाली आणि हसली. दाताच्या डॉक्टरनं ‘आ करा’ म्हटल्यावर माणूस तोंड उघडतं, तसलं ते हसू. शिवतेजनं कॅमेरा गळ्यात सोडला आणि नवरदेवाकडं बघितलं.

नवरदेव धैर्यशील खालच्या पायरीवर ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाशी फोनवर भांडत उभा होता. कराडजवळच्या आपल्या रानातला मुकादम आपण इटलीत आहोत म्हणून सोकावलाय, असा त्याचा पक्का समज होता. त्यानं फोनवर हात धरला.

“वैनी, तुमी तरी सांगा की हिला. म्हणावं, तो अर्ज टाक आन मोकळी हो. डोक्यातनं ते गेल्याशिवाय ही काय हसत न्हाई.”

रेश्मानं पदराची घडी घालायला घेतली. तिसरा दिवस होता. तीन दिवसांत तिनं पदर किती वेळा उडवला असेल देव जाणे, उजवा खांदा भरून आला होता. लग्नाआधीचे फोटो काढायला भावकीतला एकजण बालीला जाऊन आला, म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे लालासाहेब आबांनी, इटली काढली. पण लग्न व्हायच्या आत पोरगा-पोरगी एकटी पाठवली तर गावाला चघळायला विषय, म्हणून सोबत थोरली सून. चौघांचे पासपोर्ट तिच्याच पर्समध्ये, चटणीच्या डब्याशेजारी.

गाव डोंगराच्या टोकावर. माथ्यावर किल्ला, त्याला बिलगून शे-दोनशे दगडी घरं, भोवती तट आणि आत-बाहेर करायला एकच वेस. गावाचं नाव चौघांपैकी एकालाही धड घेता येत नव्हतं, त्यामुळं दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला ‘गड’च म्हणत होते. “आपल्या अजिंक्यताऱ्याच्या पासंगालाबी पुरायचं न्हाई,” असं धैर्यशीलनं पहिल्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं होतं. रेश्माला मात्र गाव आवडलं होतं. कुठल्याही खिडकीतून दूरवरची खोरी दिसत, द्राक्षांच्या ओळी दिसत आणि लांब खाली पळणारा रस्ता दिसे. नुसता बघायचा. जायचं कुठं?

घोडं अडलं होतं ते नोकरीपाशी. शिवांजली कुपवाडची. वडिलांचं, नाथाजींचं, तिथं लहानसं लेथचं वर्कशॉप. दोन वर्षं अभ्यास करून पोरीनं कृषी खात्याची परीक्षा काढली होती आणि नेमणुकीचं पत्र आलं ते नेमकं साखरपुडा झाल्यावर. ठिकाण कवठे महांकाळ, येत्या शुक्रवारपर्यंत हजर व्हायचं. हे लोक गुरुवारी घरी पोचणार होते, लग्न त्याच्या पुढच्या बुधवारी. म्हणजे शुक्रवारी जाऊन सही करून येणं अवघड काहीच नव्हतं. पण मुहूर्तमेढही नेमकी शुक्रवारीच होती आणि मुहूर्तमेढीपासून नवरीनं शीव ओलांडायची नाही, असं सासूबाई मनुबाईंनी, म्हणजे रेश्माच्या आत्याबाईंनी, सांगून ठेवलं होतं. त्यापेक्षा मुदतवाढीचा अर्ज टाकावा, लग्न पार पडू दे, मग निवांत बघू.

हे ‘बघू’ रेश्माच्या चांगल्या ओळखीचं होतं. बारा वर्षांपूर्वी कराडच्या एका शाळेनं तिला बोलावलं होतं, तेव्हा आबा असंच म्हणाले होते. तोंडावर नाही म्हणायची त्या घरात पद्धतच नव्हती. बघू म्हणायचं, आणि बघायचं नाही. माहेरी सांगलीत, विश्रामबागेतल्या शाळेत वर्षभर सातवीला गणित शिकवलेली रेश्मा तेव्हापासून बंगल्याच्या स्वयंपाकघरात होती. नवरा शंभूराज फौजेत, पोरगा साताऱ्याला हॉस्टेलवर, आणि फाटकाबाहेर जायचं तर कुठं, कशाला, किती वाजता परत, हे तीन प्रश्न ठरलेले.

दुपारी जेवायला सगळे उतरल्या घरी परतले. घरमालकीण सत्तरीची, आडव्या बांध्याची, काळा झगा आणि त्यावर पिठानं माखलेला ॲप्रन. धैर्यशील तिला ‘मावशी’ म्हणायचा आणि ती ‘ओ’ द्यायची. मावशी टेबलावर कणकेच्या वळ्या घेऊन बसली होती. बोटाएवढा तुकडा तोडायचा, अंगठ्यानं दाबून पुढं ढकलायचा, की त्याची इवलीशी वाटी व्हायची. रेश्मा बघता बघता शेजारी उभी राहिली. आपल्याकडं लग्नाचे गव्हले करतात, त्याच्याच जातकुळीतलं हे. तिनं चिमूटभर कणीक घेतली आणि दोन बोटांत वळून गव्हासारखे बारीक दाणे पाडले. मावशीनं ते तळहातावर घेतले, चष्मा वर करून बघितले आणि रेश्माच्या गालाचा पिठाच्या हातानं मोठ्ठा गालगुच्चा घेतला.

जेवण भरगच्च होतं. शिळा पाव कुस्करून केलेली घेवड्याची दाट आमटी, त्या वाट्यांवर किसून घातलेलं मेंढीच्या दुधाचं चीज, आणि तीन तास भट्टीत ठेवलेलं कोकराचं मटण. धैर्यशीलनं पहिला घास घेतला आणि हात पुढं केला.

“वैनी, चटणी द्या. मीठ न्हाई, मिरची न्हाई. आजाऱ्याला करत्यात तसलं हाय.”

रेश्मानं डबा काढला. मावशीच्या तीन तासांच्या मटणावर कांदा-लसणाच्या तिखटाचा लाल थर पसरला तशी म्हातारीनं छातीवर हात ठेवून देवाचं नाव घेतलं. शिवतेज ठसका लागेपर्यंत हसला.

पण मावशीचं खरं लक्ष रेश्माकडं होतं. टेबलाला पाच खुर्च्या, पाच ताटल्या. रेश्मा मात्र उभीच. मावशीच्या हातातून तिनं पळी कधी घेतली, तिलाही कळलं नव्हतं. धैर्यशील भावजींच्या ताटात वाढ, शिवतेजला विचार, नवरीला आग्रह कर. मावशीनं खुर्ची सरकवली, “बस” अशी खूण केली. रेश्मा हसली आणि पाणी आणायला गेली. मावशीनं दुसऱ्यांदा खूण केली, तिसऱ्यांदा तिचा दंड धरला आणि आपल्या भाषेत काहीतरी रागानं म्हणाली. आपल्या घरी येऊन पाहुणी वाढायला लागली, हा तिला धडधडीत अपमान वाटला असावा.

“बसा की वैनी,” शिवांजली हळूच म्हणाली.

“तुमचं होऊ दे आधी. मला सवय न्हाई.”

“इथं कोण बघतंय?”

खरंच, कोण बघत होतं? आबा नव्हते, आत्याबाई नव्हत्या. मग पाय का वाकत नव्हते? पुरुषांची ताटं उचलून झाल्यावर ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि गार झालेल्या वाट्या काट्यानं टोचून खाऊ लागली. दारातून शिवांजली तिच्याकडं बघत उभी आहे, हे तिला जाणवत होतं. ती खाली मान घालून जेवत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला, तशी शिवांजली दारातून बाहेर गल्लीत गेली. आत्याबाईच.

“पोरीनं अर्ज टाकला का?” मनुबाईंनी सुरुवातच तिथून केली.

“न्हाई अजून.”

“मग तू कशाला गेलीयास तितं? पदर उडवाय?” फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. “आगं, शुक्रवारी ही हजर झाली की नोकरदार होऊन उंबरा ओलांडंल. मग कोण सोड म्हणणार तिला? आठवडाभर तिकडं कवठ्याला ऱ्हायची आन रविवारी पाव्हणीवानी यायची. आमाला काय फोटो लावाय सून करायचीय व्हय?”

“आत्याबाई, पण तिनं लई कष्ट केल्यात...”

“कष्ट घरातबी हायतीच की. धैर्यशीलनं सांगितलं तर तिला सासरचं बोलणं वाटतंय. तुझं न्हाई वाटायचं. तुझं ऐकंल ती.” मग मनुबाईंचा आवाज एकाएकी लोण्यासारखा झाला. “आन ऐक. औंदा दिवाळीला तू सांगलीला जा. चांगलं आठ दिस जा, पोरालाबी घिऊन जा. धाकटी आली की तुला मोकळीकच हाय.”

फोन बंद झाला. आठ दिवस! बारा वर्षांत दोन रात्रींच्या वर ती माहेरी राहिली नव्हती, आणि त्यातही दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी येऊन फाटकात उभी राहायची. आठ दिवसांत काय काय होईल? पहिले दोन दिवस तर नुसती झोपेल. मग आईबरोबर टेबलाशी बसून गरम गरम जेवेल. वर्गातल्या अंकिताला गाठेल, संध्याकाळी विश्रामबागेतून पायी चालत जाईल, कुणाला न सांगता. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. कारण त्या आनंदाची किंमत बाहेर गल्लीत उभी होती, तेवीस वर्षांची, हातात फोन घेऊन.

आणि आठ दिवसांचंच कशाला? सहा महिन्यांपूर्वी हे लग्न ठरलं तेव्हापासून रेश्मा मनात मांडे खात होती. जाऊ येणार. स्वयंपाकघरात बोलायला माणूस येणार. एकीनं भाकरी थापायची, दुसरीनं भाजायची, आणि मधेच कशावरून तरी दोघींनी पोट धरून हसायचं. ही पोरगी कवठे महांकाळला गेली तर त्या ओट्यापाशी पुन्हा ती एकटीच.

उन्हं कलल्यावर शिवतेजनं सगळ्यांना पुन्हा तटावर चढवलं. हाच उजेड सोन्यासारखा, म्हणाला, आज हसू नाही मिळालं तर उद्या विमानतळावरच काढू फोटो. तो आणि धैर्यशील कॅमेरा कुठं लावायचा ते बघत पुढं गेले. शिवांजली तटाच्या कठड्याला टेकून उभी राहिली. रेश्मा तिच्या निऱ्या सारख्या करायला वाकली.

“वैनी, राहू द्या. वर या. मला तुमच्याशी बोलायचंय.”

रेश्मा उभी राहिली. शिवांजलीनं फोन पुढं केला. अर्ज लिहून तयार होता. महोदय, कौटुंबिक कारणास्तव रुजू होण्यास एक महिन्याची मुदतवाढ मिळावी. फक्त बोट लावायचं बाकी होतं.

“हे म्हणतात टाक. आई म्हणते टाक. बाबा म्हणतात, तू ठरव, आणि मग रात्रभर आढ्याकडं बघत जागतात. मला एवढं कळतंय वैनी, की शुक्रवारी मी हजर झाले तर नोकरी माझी. ती घेऊनच मी तुमच्यात येईन. आणि हा अर्ज टाकला, तर पुढचं सगळं तुमच्या घराच्या हातात. त्या घरात बारा वर्षं काढलेलं माणूस एकच आहे. तुम्ही. म्हणून तुम्हालाच विचारते. खरं सांगा. लग्न झाल्यावर मला जाऊ देतील?”

खाली दरीत कुठंतरी मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या. ‘नाही’ हा शब्द जिभेवर होता. एवढासा शब्द, पण तो उच्चारला की काय होईल हे तिला लख्ख दिसत होतं. पोरगी शुक्रवारी हजर होणार, घरात आगडोंब, कदाचित लग्नच मोडणार, आणि आबांच्या दिवाणखान्यात एकच प्रश्न विचारला जाणार. तिला शिकवलं कुणी? त्या प्रश्नानंतर तिनं त्याच घरात राहायचं होतं. तिला दुसरं घर कुठं होतं?

“देतील की,” ती म्हणाली. “का न्हाई देणार?”

“मग तुम्हाला का नाही दिलं?”

शिवांजली तिच्या डोळ्यांत बघत होती. रेश्मानं नजर चुकवली नाही. तेवढं तिला जमलं.

“मी मागितलं कुठं?” ती म्हणाली. “मला घरच आवडतं पहिल्यापासनं. शाळेचं बोलावणं आलतं, मीच नको म्हटलं. आबांनी उलट दोनदा विचारलं मला.”

“आणि ते जेवायला न बसणं?”

“ती माझी खोड गं. माझी आईबी उभ्या उभ्याच जेवती.”

हे तर सपशेल खोटं होतं. विश्रामबागेत आई जेवायला बसली की कुणाची माय व्याली होती तिला उठवायची! रेश्माला आईसमोर कान धरावेसे वाटले. पण एकदा सुटलेली जीभ थांबेना.

“टाक अर्ज. महिन्याचा तर प्रश्न हाय. उगं लग्नाच्या तोंडावर सगळ्यांची मनं कशाला मोडतीस? महिना झाला की मी स्वतः येते तुला सोडायला. तुझा पहिला दिवस. पेढे घिऊन येते.”

“नक्की?”

“नक्की.”

शिवांजलीनं एक मोठा श्वास घेतला आणि बोट लावलं. फोन सूं करून वाजला. अर्ज गेला. मग त्या पोरीनं तिथंच, तटावर, एवढा भरजरी शालू सांभाळत रेश्माच्या गळ्यात हात टाकले आणि ती रडायला लागली. रडता रडता हसायला लागली. तीन दिवसांचा, छे, दोन महिन्यांचा ताण होता तो. रेश्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दुसरं काय करणार?

“तुम्ही आहात म्हणून, वैनी. नाहीतर मला या घराची भीतीच वाटत होती.” शिवांजलीनं काजळ सांभाळत डोळे टिपले. “आई म्हणायची, सासूबाई कडक आहेत. पण कालच त्यांनी बाबांना फोन केला होता. म्हणाल्या, पोरीचा पहिला दिवाळसण आहे, आठ दिवस आधीच नेऊन ठेवा तिला कुपवाडला, घरचं बघायला थोरली आहे. एवढं कोण म्हणतं सांगा?”

“काय म्हणाल्या?”

“आठ दिवस. बाबांना एवढं बरं वाटलं! तोवर अर्ज नकोच म्हणत होते, ‘तू ठरव’ हे त्यानंतरच म्हणाले.”

पहिला दिवाळसण. नवी नवरी माहेरी जाते, जावई जातो, आणि थोरली सून घरात अनारसे तळते. आपला दिवाळसण झालेली, दिवाळीला घर सांभाळणाऱ्या बायका आयुष्यभर बघितलेली बाई, आणि हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं! आठ दिवस ऐकले आणि अक्कल गहाण पडली. दोघी सुना एकाच दिवाळीला त्या घरातून बाहेर? आत्याबाईंनी फोन ठेवून गालातल्या गालात हसतच पुढचा कुकर लावला असेल.

“चला नवरीबाई, उजेड चाललाय!” तटाच्या वळणावर, बाजूला पुढं आलेल्या बुरुजावरून शिवतेजनं हाक दिली.

“आले!” शिवांजलीनं निऱ्या उचलल्या आणि ती तटावरून झपाझप चालू लागली. पाठीवर वेणी उडत होती, पदर मागं दगडांवरून फरफटत होता. पाच पावलं, सहा, सात. रेश्मा जागची हलली नाही. अर्ज जाऊन पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. अजून दुसरी ओळ लिहून पाठवता येत होती. अर्ज मागं घेते, शुक्रवारी हजर होते. तिनं कठडा घट्ट धरला.

“शिवांजली!”

आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला, तटावरून दरीत गेला. शिवांजली थबकली आणि तिनं मान वळवून मागं बघितलं. हाक कुणाची हे दिसताच तिचा चेहरा फुलला. आपल्या माणसाकडं बघून माणूस हसतं, तशी ती हसली, डोळ्यांत अजून पाणी असताना.

“बास! हाच!” शिवतेज किंचाळला. कॅमेरा खटखटत राहिला. “वैनी, मानलं तुम्हाला! तीन दिवस मी घसा फोडला, तुमी एका हाकंत काम केलं!”

धैर्यशील पळतच कॅमेऱ्यावर वाकला. “आयला, लय भारी! ह्योच फ्लेक्सवर घ्यायचा. शिवतेज, आईला पाठव आदी, आत्ताच्या आत्ता. म्हणावं, हसली एकदाची.”

शिवांजली अजून तिथंच उभी होती, मान तिरकी करून.

“काय वैनी? हाक मारलीत ना?”

रेश्मानं तिच्याकडं बघितलं. पलीकडं धैर्यशीलनं फोन स्पीकरवर लावला होता आणि आत्याबाईंचा आवाज वाऱ्यातसुद्धा इथवर येत होता.

“काही न्हाई,” ती म्हणाली. “पदर लोळतोय खाली. उचलून घे.”